महाराष्ट्र पोलीस दलात आपली तक्रार नेमक्या शाखेपर्यंत कशी न्यावी

मोबाइलवरून खात्यातले पैसे गेलेला माणूस आधी बँकेत जातो, बँक त्याला पोलीस ठाण्यात पाठवते, ठाण्यातून सायबरचा रस्ता दाखवला जातो, आणि तिथे पोहोचेपर्यंत पैसे चार खाती पुढे सरकलेले असतात. गुंतवणुकीत फसलेले, गाडीत बॅग चोरीला गेलेले, लाचेची मागणी झालेले अशा कितीतरी लोकांचे हेलपाटे याच प्रकारचे असतात. यात काही वेळा पोलिसांची टाळाटाळ असते हे खरेच. पण पुष्कळदा आपण चुकीच्या दारात उभे असतो आणि बरोबरचे दार कोणते हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते. महाराष्ट्र पोलीस दलात कोणकोणत्या विशेष शाखा आणि पथके आहेत, त्यांतील कोणाकडे नागरिकाने थेट जायचे आणि कोणाकडे ठाण्यामार्फतच पोहोचता येते, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

आधी आपण कोणाच्या हद्दीत आहोत ते पाहा

राज्याच्या पोलीस दलाचे प्रमुख पोलीस महासंचालक असतात आणि त्यांचे मुख्यालय मुंबईत कुलाब्याला आहे. त्यांच्याखाली दोन वेगवेगळ्या रचना चालतात. मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे, नाशिक, सोलापूर यांसारख्या मोठ्या शहरांत पोलीस आयुक्तालय असते. तिथे पोलीस ठाण्याच्या वर सहायक पोलीस आयुक्त, त्यांच्यावर परिमंडळाचे उपायुक्त आणि सर्वांत वर पोलीस आयुक्त अशी उतरंड असते. ग्रामीण भागात आणि आयुक्तालय नसलेल्या शहरांत जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक प्रमुख असतात. पोलीस ठाणे आणि अधीक्षक यांच्यामध्ये उपविभागीय पोलीस अधिकारी आणि अपर अधीक्षक असतात, तर काही जिल्ह्यांचे मिळून एक परिक्षेत्र होते, त्यावर विशेष पोलीस महानिरीक्षक देखरेख ठेवतात.

ही माहिती कोरडी वाटली तरी उपयोगाची आहे, कारण त्याच कामाच्या शाखेचे नाव दोन्हीकडे वेगळे असते. गंभीर गुन्ह्यांचा समांतर तपास करणारी शाखा जिल्ह्यात ‘स्थानिक गुन्हे शाखा’ म्हणून ओळखली जाते आणि तिला सगळे एलसीबी म्हणतात. आयुक्तालयात तेच काम ‘गुन्हे शाखा’ करते आणि तिची युनिटे शहरभर विभागलेली असतात. पुणे शहर आणि पुणे ग्रामीण ही दोन स्वतंत्र दले आहेत. म्हणून वरिष्ठांकडे अर्ज करण्याआधी घटना ज्या ठिकाणी घडली ते ठिकाण कोणत्या ठाण्याच्या आणि कोणत्या दलाच्या हद्दीत येते हे पक्के करून घ्यावे. अर्जावर चुकीच्या अधिकाऱ्याचे पद लिहिले गेले तर अर्ज फिरून येण्यातच काही आठवडे जातात.

ठाणे आणि पथक यांतला फरक

माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पोलीस ठाणे हा केवळ इमारतीवरचा फलक नसतो. शासनाने अधिसूचनेद्वारे घोषित केलेले ते ठिकाण असते आणि गुन्हा नोंदवून घेण्याचा अधिकार त्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे असतो. विशेष शाखांपैकी काहींना ठाण्याचा दर्जा आहे, उदाहरणार्थ सायबर पोलीस ठाणी किंवा लोहमार्ग पोलीस ठाणी. काही शाखा ठाण्यात नोंदवलेला गुन्हा वर्ग झाल्यावर तपास करतात. आणि श्वान पथक किंवा बॉम्बशोधक व नाशक पथक यांसारखी काही पथके फक्त साहाय्य करतात. त्यांना ठाणे किंवा नियंत्रण कक्ष बोलावतो, नागरिक थेट बोलावू शकत नाही. बेवारस वस्तू दिसली तर तिला हात न लावता ११२ या तातडीच्या मदत क्रमांकावर कळवावे, पुढची पथके तिथूनच निघतात.

एलसीबीबद्दल तर फार मोठा गैरसमज आहे. वर्तमानपत्रात ‘एलसीबीने टोळी पकडली’ असे वाचून अनेकजण चोरीची तक्रार घेऊन थेट एलसीबीच्या कार्यालयात जातात. पण त्याच बातमीच्या शेवटी ‘आरोपींना पुढील तपासासाठी अमुक ठाण्याच्या ताब्यात देण्यात आले’ असे वाक्य असते, ते नजरेतून सुटते. गुन्हा ठाण्यातच नोंदवलेला असतो. एलसीबी आरोपी शोधते, मुद्देमाल हस्तगत करते आणि दोन्ही ठाण्याकडे सोपवते. म्हणून घरफोडी झाली की आधी ठाण्यात गुन्हा नोंदवावा, आणि मग हाताशी धागेदोरे असतील तर ते एलसीबीला जरूर द्यावेत, गुन्हा नोंद क्रमांकासह.

ठाण्याने ‘हे आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत पाठवण्याचे आता कारण उरलेले नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर हद्द कोणतीही असली तरी घ्यावी लागते. ती शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. खबर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिली असेल तर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते. प्रथम खबरी अहवालाची (एफआयआर) प्रत खबर देणाऱ्याला विनामूल्य मिळते. गुन्हा अदखलपात्र असेल तर ठाणे त्याची नोंद करून घेते, जिला आपण ‘एनसी’ म्हणतो, पण न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय त्याचा तपास होत नाही. विशेष शाखेकडे जाऊनही या स्थितीत फरक पडत नाही.

सायबर: येथे घड्याळ महत्त्वाचे

ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाली असेल तर ठाण्यात जाण्याआधी १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. हा मदत क्रमांक देशभर एकच आहे आणि राज्यातील काम महाराष्ट्र सायबर ही यंत्रणा पाहते. तक्रार नोंदवली गेली की ती रक्कम ज्या बँकेत किंवा वॉलेटमध्ये गेली असेल तिथे सूचना जाते आणि पैसे अजून काढले गेले नसतील तर ते गोठवता येतात. म्हणूनच पहिले काही तास मोलाचे आहेत. दूरध्वनी करताना आपला खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, नेमकी वेळ, रक्कम आणि पैसे ज्या खात्यात किंवा यूपीआय पत्त्यावर गेले ते समोर लिहून ठेवावे. पाच व्यवहार झाले असतील तर पाचही वेगवेगळे सांगावेत, कारण प्रत्येक व्यवहाराची वाट वेगळी असू शकते. त्याच वेळी आपल्या बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी.

यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरील तक्रार पूर्ण करावी आणि तिचा पावती क्रमांक जपून ठेवावा. येथे एक चूक वारंवार होते: पावती क्रमांक मिळाला म्हणजे गुन्हा नोंदवला गेला असे लोक धरून चालतात. पोर्टलवरील तक्रार आणि प्रथम खबरी अहवाल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तक्रार संबंधित ठाण्याकडे जाते आणि तिथे छाननीनंतर गुन्हा नोंदवला जातो; त्यामुळे पावती घेऊन जवळच्या किंवा सायबर पोलीस ठाण्यात स्वतः जाणे योग्य ठरते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, हे कलम ७८ मध्ये स्पष्ट आहे. पण तक्रार स्वीकारायला ही अट लागू नाही. मोबाइलमधील संदेश, कॉलची नोंद आणि ॲप काहीही पुसू नये, भीतीने किंवा लाजेने तर मुळीच नाही. फसवणूक झालेल्याची लाज हाच या गुन्हेगारांचा मोठा आधार आहे.

आर्थिक गुन्हे शाखा

गृहप्रकल्पात, ठेवींच्या योजनेत, भागीदारीत किंवा शेअर बाजाराच्या नावाने मोठी रक्कम बुडाली की आर्थिक गुन्हे शाखेचे नाव पुढे येते. या शाखेकडे प्रकरण जाण्यासाठी रकमेची किमान मर्यादा असते. ती प्रत्येक आयुक्तालयात आणि जिल्ह्यात निरनिराळी असते आणि आदेशाने वेळोवेळी बदलते. त्या मर्यादेखालील फसवणुकीचा तपास स्थानिक ठाणेच करते. म्हणून पहिला प्रश्न ‘सध्याची मर्यादा किती’ हाच विचारावा.

दुसरी अडचण अधिक खोल असते. उसने दिलेले पैसे परत न मिळणे हा बहुतेक वेळा दिवाणी वाद ठरतो; फसवणुकीचा गुन्हा होण्यासाठी समोरच्याचा हेतू सुरुवातीपासूनच अप्रामाणिक होता हे दिसावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ मधील ललिता कुमारी निकालाने दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरवली, पण व्यापारी व्यवहारांच्या प्रकरणांत प्राथमिक चौकशीला वाव ठेवला. त्यामुळे आर्थिक गुन्हे शाखा अर्ज आला की आधी चौकशी करते. अर्ज लिहिताना ‘माझे अमुक लाख बुडवले’ या वाक्याने भागत नाही. कोणत्या तारखेला कोणी काय सांगितले, त्यावर विसंबून आपण कोणत्या तारखेला कसे पैसे दिले, आणि सांगितलेले खोटे होते हे कोणत्या कागदावरून कळले, ही साखळी तारीखवार मांडावी. एकच सदनिका तिघांना विकली असल्यास तिन्ही करारांच्या प्रती जोडाव्यात. हेतूचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

ठेवीदारांच्या प्रकरणात १९९९ चा महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातला एमपीआयडी कायदा, लागू होऊ शकतो. त्याखाली वित्तीय आस्थापनेची मालमत्ता जप्त होते, सक्षम प्राधिकारी नेमला जातो आणि विशेष न्यायालयाच्या आदेशाने पैसे परत करण्याची प्रक्रिया चालते. एका ठेवीदाराच्या फिर्यादीवर गुन्हा नोंदवला गेला म्हणजे बाकीच्यांचे आपोआप भागले असे समजू नये. प्रत्येकाने तपास अधिकाऱ्याकडे जाऊन आपला जबाब आणि रकमेचा तपशील नोंदवावा. मूळ पावत्या द्याव्या लागल्या तर त्या ताब्यात घेतल्याची पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नयेत.

लाच मागितली असेल तर

लाचलुचपत प्रतिबंधक विभाग गृह खात्याच्या अखत्यारीत असून त्याचे स्वतंत्र महासंचालक असतात आणि जिल्ह्याजिल्ह्यांत त्याची कार्यालये आहेत. ठाण्यात न जाता थेट गाठायच्या मोजक्या यंत्रणांपैकी ही एक आहे. मदत क्रमांक १०६४. मागणी झाल्यावर वाद घालू नये, पैसे देऊन टाकू नयेत, आणि गावभर बोलू नये. मागणी करणाऱ्याकडून थोडी मुदत मागून घ्यावी आणि विभागाच्या कार्यालयात जावे. तिथे तक्रार लिहून घेतल्यावर पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते, म्हणजे खरोखरच लाच मागितली जाते का हे ध्वनिमुद्रणासह तपासले जाते. त्यानंतर सापळा लावला जातो. नोटांना अँथ्रासिन पावडर लावलेली असते. ती उघड्या डोळ्यांना दिसत नाही पण अतिनील प्रकाशात चमकते आणि नोटा घेणाऱ्याच्या हातांवर तिचा पुरावा राहतो.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही गुन्हा आहे. ज्याला लाच द्यायला भाग पाडले गेले त्याने सात दिवसांच्या आत कळवले तर त्याला संरक्षण मिळते, आणि आधी विभागाला कळवून सापळ्यासाठी पैसे देणाऱ्यालाही कायदा दोषी धरत नाही. तरीही पैसे देऊन मग तक्रार करण्यापेक्षा देण्याआधी करणेच सर्व बाजूंनी बरे, कारण मागणी आणि स्वीकृती या दोन्हींचा पुरावा तेव्हाच भक्कम मिळतो.

महिला, मुले आणि अत्याचार प्रतिबंध

तातडीच्या संकटात ११२ हाच क्रमांक. छेडछाड, पाठलाग यांसाठी निर्भया किंवा दामिनी पथके गस्त घालतात. नावे शहरागणिक बदलतात. २०१७ मध्ये नागपुरात सुरू झालेला भरोसा सेल हा समुपदेशन, कायदेशीर मदत आणि वैद्यकीय साहाय्य एका छताखाली देण्याचा प्रयत्न आहे आणि पुढे तो इतर ठिकाणीही उभा राहिला. तिथे जाण्याचा लाभ आहे, मात्र मारहाण होत असेल किंवा जिवाला धोका असेल तर समुपदेशनाच्या तारखांमध्ये अडकून न राहता ठाण्यात गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरावा. लैंगिक गुन्ह्यात पीडित स्त्रीची खबर महिला अधिकाऱ्याने नोंदवून घ्यायची असते. मूल पीडित असेल तर पॉक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यानुसार जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्याने गणवेशात असू नये; आणि बाल न्याय कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात विशेष बाल पोलीस पथक असणे अपेक्षित आहे.

अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराच्या गुन्ह्यात तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्यांच्या समकक्ष सहायक पोलीस आयुक्तांच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १८अ मध्ये २०१८ पासून लिहिलेले आहे. ‘साहेब आल्यावर बघू’ असे उत्तर मिळाले तर हे दोन्ही मुद्दे लक्षात ठेवावेत: तपास वरिष्ठ करतील, नोंद ठाण्यातच आणि लगेच होते.

रेल्वे, महामार्ग आणि समुद्र

रेल्वेत दोन गणवेश दिसतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. लोहमार्ग पोलीस राज्याचे आहेत. गाडीतील किंवा फलाटावरील चोरी, मारहाण, छेडछाड यांचे गुन्हे ते नोंदवतात. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे आहे आणि त्याचे मुख्य काम रेल्वेची मालमत्ता व प्रवाशांची सुरक्षा हे आहे. धावत्या गाडीत चोरी लक्षात आली तर रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर कळवून पुढच्या स्थानकावर खबर देता येते, त्यासाठी प्रवास अर्धवट सोडावा लागत नाही.

महामार्ग पोलीस अपघातस्थळी मदत करतात आणि वाहतूक मोकळी करतात, पण अपघाताचा गुन्हा स्थानिक ठाण्यात नोंदवला जातो. विम्यासाठी आणि नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी लागणारे पंचनामा व इतर कागद तिथूनच मिळतात. किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी आहेत आणि संशयास्पद बोट दिसल्यास मच्छीमारांनी १०९३ वर कळवायचे असते.

ज्या पथकांशी सहसा थेट संबंध येत नाही

दहशतवादविरोधी पथक २००४ मध्ये स्थापन झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात त्याचे तत्कालीन प्रमुख हेमंत करकरे शहीद झाले. त्या हल्ल्यानंतर अशा प्रसंगी तातडीने उतरण्यासाठी फोर्स वन उभारण्यात आले. गडचिरोलीत १९९० पासून सी-६० हे पथक नक्षलविरोधी मोहिमा करते आणि त्यात स्थानिक जवान मोठ्या संख्येने आहेत, ज्यांना जंगल आणि बोली दोन्ही येतात. राज्य राखीव पोलीस दल १९४८ पासून आहे. बंदोबस्त, दंगल आणि आपत्तीच्या वेळी त्याच्या तुकड्या पाठवल्या जातात. यांच्याकडे तक्रार नव्हे, माहिती द्यायची असते, तीही ठाण्यामार्फत किंवा ११२ वरून. अमली पदार्थांची खबर अमली पदार्थ विरोधी पथकाला देता येते, आणि ती कोणाकडून मिळाली हे सांगण्याची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही, असे अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याचे कलम ६८ सांगते.

राज्य गुन्हे अन्वेषण विभाग, म्हणजे सीआयडी, पुण्यात मुख्यालय असलेली तपास यंत्रणा आहे. पोलीस कोठडीतील मृत्यू, अनेक जिल्ह्यांत पसरलेले किंवा फार गुंतागुंतीचे गुन्हे तिच्याकडे सोपवले जातात. सामान्य माणसाच्या अर्जावर सीआयडी परस्पर तपास सुरू करत नाही. शासन, महासंचालक किंवा न्यायालय यांच्या आदेशाने तो वर्ग होतो. जिल्हा विशेष शाखेशी मात्र पारपत्र आणि चारित्र्य पडताळणीच्या निमित्ताने पुष्कळांचा संबंध येतो. त्या कामासाठी ठाण्यात बोलावले तर मूळ कागदपत्रे घेऊन जावे.

मेट्रो स्थानकांत, रुग्णालयांत दिसणारे महाराष्ट्र सुरक्षा दलाचे जवान २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या सुरक्षा महामंडळाचे असतात; त्यांना गुन्हा नोंदवता येत नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागही पोलीस दलाचा भाग नाही, जरी अवैध दारूवर तो आणि पोलीस दोघेही कारवाई करतात.

अर्ज लिहिणे आणि पाठपुरावा

अर्ज एका बाजूला तारखा आणि दुसऱ्या बाजूला भावना असा मिसळून लिहू नये. आपले नाव, पत्ता, घटनेचे ठिकाण व वेळ, घडलेली हकीकत क्रमाने, साक्षीदार, जोडलेल्या कागदांची यादी आणि शेवटी नेमकी मागणी एवढे असावे. मागणीचे वाक्य असे असू शकते: ‘वरील हकीकतीवरून दखलपात्र गुन्हा होत असल्याने तो नोंदवावा, आणि रक्कम व गुंतागुंत पाहता तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे वर्ग करण्याबाबत वरिष्ठांकडे शिफारस करावी.’ दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. तोंडी सांगून परत आलेल्या माणसाकडे पुढे दाखवायला काहीच नसते.

ठाण्याने नोंद नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ च्या चौथ्या पोटकलमानुसार हकीकत लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालयात संबंधित उपायुक्तांना पाठवावी, आणि तरीही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तिथे आधीच्या दोन्ही पायऱ्यांच्या पोचपावत्या लागतात. पोलीस अधिकाऱ्याच्या गंभीर गैरवर्तनाबद्दल राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे दाद मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात दिलेल्या निर्देशांमधून ही व्यवस्था आली.

गुन्हा एका ठाण्यातून विशेष शाखेकडे वर्ग झाला की मधल्या काळात फिर्यादीला कोणीच वाली उरत नाही असा अनुभव येतो. कागद कधी गेले, नवीन तपास अधिकारी कोण, त्यांच्याकडे गुन्हा कोणत्या क्रमांकाने नोंदवला आहे, ही तीन उत्तरे वर्ग झाल्याचे कळताच लेखी मागावीत. नव्या संहितेच्या कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ती मुदत उलटली आणि काही कळले नाही तर त्या कलमाचा उल्लेख करून तपास अधिकाऱ्याला पत्र द्यावे आणि त्याची प्रत त्यांच्या वरिष्ठांना पाठवावी.